अ‍ॅल्युमिनियमची मासेमारी होडी

अ‍ॅल्युमिनियमची मासेमारी होडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्यापासून बांधलेली, मासेमारीसाठी वापरली जाणारी लहान होडी होय. तिची लांबी साधारणपणे ३ ते ६ मीटर असते. ती वल्ह्यांनी किंवा मागे बसवलेल्या लहान इंजिनाने चालवली जाते. तलाव, नद्या आणि धरणांचे जलाशय अशा गोड्या पाण्यात ती विशेष उपयुक्त मानली जाते. कमी वजन, गंजाला होणारा प्रतिकार आणि खडकाळ काठावर टिकून राहण्याची क्षमता ही तिची मुख्य वैशिष्ट्ये आहेत.

होडीची विश्वासार्हता मात्र केवळ धातूवर ठरत नाही. मिश्रधातूचा प्रकार, जोडांची पद्धत, तळाचा आकार, वाहिला जाणारा भार आणि होडीत पाणी भरल्यावरही तिला तरंगत ठेवणारी व्यवस्था या सर्व बाबी एकत्र विचारात घ्याव्या लागतात. होडी ज्या जलाशयात चालणार आहे तेथील वारा, पाऊस आणि पाण्याची बदलती पातळीही निवडीत निर्णायक ठरते. या लेखात पुणे जिल्ह्यातील मुळशी जलाशय उदाहरणादाखल घेतला आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील नद्या आणि तलावांवर पूर्वापार लाकडी होड्या, बांबूचे तराफे आणि वाळलेले भोपळे बांधून केलेल्या सांगडी वापरल्या जात. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळातील काहिलीचा उपयोगही नदी ओलांडण्यासाठी केला जाई. विसाव्या शतकात मोठी धरणे झाल्यावर खोल आणि विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. त्यांवर भोई, कोळी, कातकरी इत्यादी समाजांतील लोक मासेमारी करू लागले. भीमा नदीवरील उजनी जलाशय हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

नदीच्या डोहासाठी पुरेशी ठरणारी साधने अशा जलाशयावर अपुरी पडतात. तरीही भांडवलाच्या अभावी अनेक ठिकाणी ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूब किंवा थर्माकोलचे तराफे वापरले जातात. त्यांना काठ नसतो, वाऱ्यात त्यांची दिशा राखता येत नाही आणि ओले जाळे ओढताना तोल जाण्याचा धोका असतो. लाकडी होडीला दरवर्षी डांबर किंवा तेल द्यावे लागते आणि चांगले लाकूड महागले आहे. या कारणांमुळे लोखंडी पत्रा, फायबर आणि अ‍ॅल्युमिनियम हे पर्याय पुढे आले.

इतिहास

विद्युत अपघटनाने अ‍ॅल्युमिनियम मिळवण्याची पद्धत १८८६ मध्ये शोधली गेली आणि हा धातू स्वस्त होऊ लागला. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी झुरिच येथील एशर विस या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या काही लहान बोटी बांधल्या. त्यांपैकी एक आल्फ्रेड नोबेल यांच्या मालकीची होती.

सुरुवातीचे सर्वच प्रयोग यशस्वी झाले नाहीत. अमेरिका चषक शर्यतीसाठी १८९५ मध्ये बांधलेल्या ‘डिफेंडर’ या शिडाच्या नौकेचा पाण्याखालील भाग कांस्याचा आणि वरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा होता. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागून राहिल्याने अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजले आणि काही वर्षांतच ती नौका मोडीत काढावी लागली. भिन्न धातूंच्या संपर्काने होणाऱ्या झिजेचे हे उदाहरण नौकाबांधणीत प्रसिद्ध आहे.

दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे उत्पादन प्रचंड वाढले. युद्ध संपल्यावर ग्रुमन या अमेरिकी विमान कंपनीने विमानबांधणीतील रिव्हेटचे तंत्र वापरून अ‍ॅल्युमिनियमच्या अरुंद होड्या तयार केल्या. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील तलावांवर अशा मासेमारी होड्यांचा मोठा प्रसार झाला. १९५० च्या दशकापासून मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू आणि आर्गॉन वायूच्या आवरणातील वेल्डिंग यांमुळे अधिक जाड व मजबूत होड्या बांधणे शक्य झाले.

मुळशी जलाशयाची परिस्थिती

मुळशी धरण पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात मुळा नदीवर आहे. टाटा समूहाच्या जलविद्युत प्रकल्पासाठी ते १९२० च्या दशकात बांधले गेले. शेतजमिनी आणि गावे पाण्याखाली जाण्याच्या विरोधात १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यामुळे मिळाली. जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला, रायगड जिल्ह्यातील भिरा येथील वीजकेंद्राकडे नेले जाते.

होडीच्या निवडीच्या दृष्टीने या जलाशयाच्या तीन बाबी महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब पाण्याच्या पातळीची आहे. पावसाळ्याच्या अखेरीस भरलेला जलाशय वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जात असल्याने उन्हाळ्यापर्यंत खाली जातो. ऑक्टोबरात जेथे खोल पाणी असते, तेथे मे महिन्यात खडक, दगडी बांध किंवा चिखलाची पुळण वर येते. मासेमारीची आणि होडी लावण्याची जागा वर्षभर बदलत राहते. त्यामुळे दोन माणसांना उचलून किंवा ओढून नेता येईल अशी हलकी आणि दगडावर घासली तरी न फुटणारी होडी सोयीची ठरते.

दुसरी बाब पावसाची आहे. जलाशयाच्या पश्चिमेकडील ताम्हिणी परिसर महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. जुलै २०२४ मध्ये तेथे एकाच दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. ३.६ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद उघड्या होडीचे वरचे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर असते. अशा होडीत १०० मिलिमीटर पावसाने सुमारे ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो पाणी साठते. रात्रभर काठाला बांधून ठेवलेली होडी केवळ पावसाने भरून बुडू शकते ती याच कारणाने. पावसाळ्यात वापर नसताना होडी पाण्याबाहेर पालथी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

तिसरी बाब वाऱ्याची आहे. जलाशय डोंगररांगांच्या मध्ये असल्याने वारा दरीच्या दिशेने जोर धरतो. एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारनंतर वळवाच्या पावसाबरोबर अचानक वावटळी येतात. शांत पाण्यावर थोड्याच वेळात लाटा उठतात आणि काठ कमी उंचीचा असेल तर त्या होडीत शिरतात.

धातू आणि मिश्रधातू

अ‍ॅल्युमिनियमची घनता सुमारे २.७ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, तर पोलादाची सुमारे ७.८५ आहे. समान जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो. मात्र त्याची ताठरताही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत पत्रा अधिक जाड वापरावा लागतो आणि त्याला आतून बरगड्यांचा आधार द्यावा लागतो. असे करूनही होडी पोलादी होडीपेक्षा हलकी राहते.

हवेच्या संपर्कात येताच अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. तो धातूला घट्ट चिकटून राहतो आणि पुढील झीज रोखतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा तयार होतो. त्यामुळे गोड्या पाण्यात वापरल्या जाणाऱ्या होडीला संरक्षणासाठी रंग देणे आवश्यक नसते.

सर्वच अ‍ॅल्युमिनियम होडीसाठी योग्य नसते. भांडी बनवण्यासाठी वापरला जाणारा जवळजवळ शुद्ध धातूचा पत्रा मऊ असतो आणि सहज वाकतो. विमानांसाठी वापरले जाणारे तांबेयुक्त मिश्रधातू मजबूत असले तरी पाण्यात लवकर झिजतात. होड्यांसाठी मुख्यतः मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू वापरतात. त्यांपैकी ५०५२ हा रिव्हेटच्या हलक्या होड्यांत, तर ५०८३ आणि ५०८६ हे वेल्डिंगच्या मजबूत होड्यांत आढळतात. मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेला ६०६१ हा मिश्रधातू काठाच्या नळ्या, बरगड्या आणि कोन यांसाठी वापरला जातो. होडी घेताना पत्र्याचा मिश्रधातू क्रमांक आणि जाडी लेखी घेणे ही विश्वासार्हतेची पहिली खूण मानली जाते. केवळ ‘जाड पत्रा’ या वर्णनावरून काहीच ठरत नाही.

बांधणीच्या पद्धती

रिव्हेटची बांधणी. या पद्धतीत पत्रे एकमेकांवर ठेवून, मध्ये पाणीरोधक लेप किंवा पट्टी घालून रिव्हेटने जोडले जातात. पत्रा साधारण १.५ ते २.५ मिलिमीटर जाडीचा असतो. होडी हलकी आणि तुलनेने स्वस्त पडते. धक्के बसून काही वर्षांनी रिव्हेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी आत येऊ लागते. सैल रिव्हेट पुन्हा ठोकणे किंवा बदलणे साध्या हत्यारांनी शक्य असते.

वेल्डिंगची बांधणी. यात पत्रे वितळवून सलग जोडले जातात. त्यासाठी सामान्यतः २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड पत्रा लागतो. होडी अधिक ताठ व टिकाऊ होते, पण वजन आणि किंमत वाढते. चांगला वेल्ड एकसारख्या खवल्यांसारखा दिसतो. छिद्रे, काजळी किंवा तुटक जोड ही निकृष्ट कामाची लक्षणे आहेत.

दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. लोखंडाच्या फाटकांसाठी वापरले जाणारे साधे वेल्डिंग यंत्र अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही. त्यासाठी आर्गॉन वायूचे टिग किंवा मिग वेल्डिंग आणि ते करणारा अनुभवी कारागीर लागतो. मुळशी तालुक्यात पिरंगुटसारखा औद्योगिक पट्टा जवळ असल्याने असे काम करून घेण्याची शक्यता अधिक असते. दुर्गम जलाशयांवर मात्र रिव्हेटची होडी सांभाळणे सोपे जाते.

तळाचा आकार आणि स्थैर्य

सपाट तळाची होडी उथळ पाण्यात चालते, काठाला सहज लागते आणि स्थिर पाण्यावर कमी डुलते. लाटांमध्ये मात्र तिचा तळ आपटतो. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता तळ लाटा कापतो, पण होडी उभी असताना अधिक डुलते आणि तिला खोल पाणी लागते. पुढे निमुळता आणि मागे जवळजवळ सपाट असा मिश्र तळ या दोहोंमधला मार्ग आहे. वारा आणि उथळ काठ दोन्ही असलेल्या जलाशयांसाठी तो सोयीचा मानला जातो.

स्थैर्यावर सर्वाधिक परिणाम रुंदीचा होतो. लांबी थोडी वाढवण्यापेक्षा रुंदी थोडी वाढवल्याने होडी कितीतरी अधिक स्थिर होते. जाळ्याने मासेमारी करताना हे विशेष महत्त्वाचे असते. पाण्यात भिंतीसारखे उभे लावलेले, माशाच्या कल्ल्यात अडकणारे जाळे काढताना दोन माणसे, ओले जाळे आणि मासे यांचे वजन एकाच बाजूला येते. गळाने मासे पकडणाऱ्या एकट्या माणसासाठी पुरेशी असलेली अरुंद होडी या कामाला धोकादायक ठरते.

भार आणि मोकळा काठ

पाण्याच्या पृष्ठभागापासून होडीच्या काठाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंतच्या उंचीला मोकळा काठ म्हणतात. भार वाढला की मोकळा काठ कमी होतो. ३.६ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद होडी दर ३८ किलो वजनामागे सुमारे १ सेंटीमीटर खाली जाते. प्रत्येकी ६५ किलोची तीन माणसे, ६० किलो ओले जाळे आणि ५० किलो मासे मिळून ३०५ किलो भार झाल्यास होडी सुमारे ८ सेंटीमीटर खाली बसते. हे गणित भार समान पसरलेला असताना लागू पडते. भार एका बाजूला गेल्यास त्या बाजूचा काठ याहून कितीतरी अधिक खाली जातो.

जाळे कोरडे असताना भार मोजणे ही सर्वसाधारण चूक आहे. परतीच्या वेळी जाळे ओले असते, मासे आणि बर्फ यांची भर पडलेली असते आणि वारा सहसा दुपारनंतर वाढलेला असतो. म्हणून क्षमतेचा विचार जातानाच्या नव्हे, तर परतीच्या भारावरून करावा लागतो.

माणसांच्या संख्येसाठी अमेरिकी तटरक्षक दलाचे एक ढोबळ सूत्र प्रचलित आहे. सुमारे २० फुटांपेक्षा लहान होडीची फुटांतील लांबी आणि रुंदी यांच्या गुणाकाराला १५ ने भागले असता शांत हवामानातील माणसांची कमाल संख्या मिळते. १२ फूट लांब व ५ फूट रुंद होडीसाठी ती ४ येते. जाळे आणि मासे असतील तर ही संख्या कमी करावी लागते.

अधिक माणसे किंवा अचानक आलेला वारा यांचे परिणाम महाराष्ट्रात अनेकदा दिसले आहेत. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत लहान होडी उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. त्यात ६ जण बुडाले, तर एक जण पोहत काठावर आला.

पाणी भरल्यावरची तरणक्षमता

लाकूड पाण्यापेक्षा हलके असल्याने लाकडी होडी पाण्याने भरली तरी पूर्ण तळाला जात नाही. धातूच्या होडीचे तसे नसते. हवेसाठी बंद कप्पे किंवा फोम नसेल, तर पाणी भरलेली अ‍ॅल्युमिनियमची होडी सरळ बुडते. अ‍ॅल्युमिनियमची होडी निवडताना तपासण्याची ही सर्वांत महत्त्वाची आणि बाहेरून न दिसणारी बाब आहे.

याचे गणित सोपे आहे. ७० किलो वजनाच्या होडीतील धातू सुमारे २६ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे पूर्ण बुडालेल्या अवस्थेत तिचे परिणामी वजन सुमारे ४४ किलो उरते. इंजिन आणि इतर सामानाचे पाण्यातील वजन २० किलो धरल्यास होडी केवळ पृष्ठभागावर राहण्यासाठी सुमारे ६५ लिटर फोम किंवा बंद हवा लागते. होडीला धरून राहिलेल्या माणसांना आधार मिळावा यासाठी त्याहून बराच अधिक फोम आवश्यक असतो.

फोमची जागाही महत्त्वाची असते. तो फक्त तळाशी असेल तर पाणी भरलेली होडी पालथी होण्याची शक्यता वाढते. दोन्ही बाजूंना काठाजवळ आणि बैठकांखाली असल्यास ती सरळ राहते. साधा थर्माकोल स्वस्त असला तरी पेट्रोलमध्ये विरघळतो, तुटतो आणि हळूहळू पाणी शोषतो. त्यापेक्षा बंद पेशींचा पॉलिइथिलीन फोम टिकाऊ असतो. फोमऐवजी हवेचे बंद कप्पे असतील तर ते एकापेक्षा अधिक आणि एकमेकांपासून स्वतंत्र असावे लागतात. एक कप्पा फुटला तरी इतरांनी होडी तारून धरावी, हा त्यामागील हेतू असतो.

या क्षमतेची खात्री प्रत्यक्ष चाचणीने होते. काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात, इंजिन काढून त्याच्या वजनाइतके दगड मागे बांधले जातात आणि होडी पाण्याने पूर्ण भरली जाते. ती सरळ तरंगत राहिली आणि दोन-तीन माणसांनी काठ धरल्यावरही वर राहिली, तर व्यवस्था पुरेशी आहे असे मानता येते.

वल्ही आणि इंजिन

लहान जलाशयी होडीला २ ते १० अश्वशक्तीचे इंजिन सामान्यतः पुरते. क्षमतेपेक्षा मोठे इंजिन बसवल्यास मागची बाजू खाली दबते, तिकडचा मोकळा काठ घटतो आणि जोडांवर ताण येतो. इंजिन ज्या मागच्या उभ्या भागावर बसवतात, तेथे अनेकदा पत्र्यामध्ये प्लायवूड घातलेले असते. त्यात पाणी मुरल्यास प्लायवूड कुजते आणि त्याला लागून असलेला धातूही झिजतो. इंजिन असले तरी वल्ही सोबत ठेवणे आवश्यक असते.

इतर साहित्यांशी तुलना

लाकडी होडी स्थानिक सुताराकडून बांधता व दुरुस्त करता येते आणि पाणी भरले तरी तरंगते. तिला नियमित देखभाल लागते आणि पाणी मुरून वजन वाढत जाते.

लोखंडी पत्र्याची होडी स्वस्त असते आणि कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात दुरुस्त होते. ती जड असते, गंजते आणि फोम नसेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या होडीप्रमाणेच बुडते.

फायबरच्या होडीला हवा तो आकार देता येतो आणि ती गंजत नाही. खडकावर आपटल्यास मात्र तिला चिरा पडतात. धातूला पोचा येतो, फायबर तडकते, हा दोहोंतील मूलभूत फरक आहे. फायबरची दुरुस्ती राळ आणि काचतंतूंच्या कापडाने तुलनेने सोपी असते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडावर फायबरचे आवरण दिलेल्या लहान होड्या विकसित केल्या आहेत.

अ‍ॅल्युमिनियमची होडी हलकी आणि दीर्घायुषी असते. मोडीत निघाल्यावरही धातूची किंमत येते. सुरुवातीचा खर्च आणि वेल्डिंगसाठी लागणारे विशेष कौशल्य या तिच्या अडचणी आहेत.

वापरलेल्या होडीची तपासणी

वापरलेली होडी घेताना पुढील बाबी पाहिल्या जातात:

• होडी लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवून आत सुमारे १० सेंटीमीटर पाणी भरले असता बाहेरून कोठे थेंब येतात. सैल रिव्हेट आणि बारीक चिरा यामुळे लगेच सापडतात.
• मागच्या कोपऱ्यांत, बैठकांच्या जोडांपाशी आणि तळ जेथे वळून बाजूला मिळतो त्या रेषेवर चिरा आहेत का.
• पांढरी भुकटी आणि तिच्याखाली खड्डे आहेत का. वरवरची राखाडी छटा नैसर्गिक असते, खड्डे हे झिजेचे लक्षण आहे.
• तळ हाताने दाबला असता डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर होतो का. तसे झाल्यास पत्रा पातळ किंवा बरगड्या कमी असतात.
• बैठकांखालील फोम कोरडा आहे का. होडीचे वजन अपेक्षेपेक्षा बरेच अधिक भरल्यास फोममध्ये पाणी मुरले असण्याची शक्यता असते.
• पूर्वीच्या दुरुस्तीत केवळ लांबी किंवा डांबर भरून चिरा झाकल्या आहेत का.

झीज आणि देखभाल

अ‍ॅल्युमिनियमला सर्वाधिक धोका भिन्न धातूंच्या संपर्काचा असतो. पितळेच्या किंवा तांब्याच्या वस्तू ओल्या होडीला लागून राहिल्यास त्या जागी खड्डे पडतात. तळात पडून राहिलेले तांब्याचे नाणे किंवा तारेचा तुकडाही यास पुरेसा असतो. पोलादी बोल्ट वापरायचे झाल्यास मध्ये नायलॉनची चकती घालतात. तांबेयुक्त रंग अ‍ॅल्युमिनियमवर वापरत नाहीत.

ओला चिखल, ओली पोती आणि ओले लाकूड दीर्घकाळ पत्र्याला चिकटून राहिल्यास तेथे हवा पोहोचत नाही, संरक्षक थर टिकत नाही आणि झीज सुरू होते. ओल्या सिमेंटमधील क्षारही धातूला खातात. त्यामुळे नव्या काँक्रीटवर होडी ठेवणे टाळले जाते. प्रत्येक हंगामानंतर होडी धुऊन, वाळवून, पालथी आणि जमिनीपासून उंच ठेवणे एवढी देखभाल गोड्या पाण्यात बहुधा पुरेशी होते.

उन्हाळ्यात उघडा पत्रा फार तापतो आणि त्यावर पडलेल्या वस्तूंचा आवाज पाण्यात दूरवर जातो. रबरी किंवा नारळाच्या काथ्याची चटई तळात घातल्याने दोन्ही त्रास कमी होतात. काथ्याची चटई असेल तर ती रोज काढून वाळवावी लागते.

सुरक्षा

होडीची निवड योग्य असली तरी तिच्यातील प्रत्येक माणसासाठी जीवरक्षक जाकीट लागते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार संरक्षित पाण्यासाठी किमान १०० न्यूटन उचल असलेले जाकीट योग्य मानले जाते. पोहता येणे हा त्याला पर्याय नाही. जाळ्यात पाय अडकणे, डोक्याला मार लागणे किंवा थंडीच्या दिवसांत दमछाक होणे यांमुळे पट्टीचे पोहणारेही बुडतात.

पाणी उपसण्यासाठी बांधून ठेवलेला डबा, नांगर, पुरेसा दोर आणि शिट्टी हे साहित्य स्वस्त आणि आवश्यक असते. विजा चमकत असताना उघड्या पाण्यावर माणूस हाच सर्वांत उंच बिंदू ठरतो. होडी कोणत्याही साहित्याची असली तरी पहिल्या गडगडाटालाच काठ गाठणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

परवानगी आणि अर्थसाहाय्य

देशातील अंतर्गत जलमार्गांवरील यंत्रचालित जलयानांची तपासणी व नोंदणी यांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. त्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. जलाशयात होडी चालवण्यासाठी आणि मासेमारीसाठी तो जलाशय ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगीही लागते. महाराष्ट्रातील बहुतेक शासकीय जलाशयांत मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांचा मोठा सहभाग असतो. मुळशी जलाशय मात्र खासगी वीज कंपनीच्या प्रकल्पाचा भाग आहे.

केंद्र सरकारच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होड्या व जाळी देण्याचा घटक आहे. योजनेतील लाभार्थी-केंद्रित घटकांसाठी सर्वसाधारण प्रवर्गाला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद आहे.

मर्यादा

अ‍ॅल्युमिनियमची होडी प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम ठरत नाही. हलकेपणामुळे ती वाऱ्यात लवकर वाहवत जाते, त्यामुळे नांगर आणि वल्ह्यांवर अधिक अवलंबून राहावे लागते. खाऱ्या पाण्यात तिची झीज वेगाने होते आणि तेथे वेगळी काळजी घ्यावी लागते. जेथे आर्गॉन वेल्डिंगची सोय दूर आहे, तेथे लाकडी किंवा फायबरची होडी अधिक व्यवहार्य असू शकते. फोम नसलेली, अरुंद किंवा अतिभारित अ‍ॅल्युमिनियमची होडी ही चांगल्या लाकडी होडीपेक्षा अधिक धोकादायक असते.

हेही पहा

• मुळशी धरण
• मुळशी सत्याग्रह
• उजनी धरण
• अ‍ॅल्युमिनियम
• गोड्या पाण्यातील मासेमारी
• प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना